हेलियम: एका अलिप्त मूलद्रव्याचा माग

शाळेत अणुरचना एका धड्यात येते, रासायनिक बंध दुसऱ्यात, आणि किरणोत्सारिता आलीच तर वर्ष संपता संपता, घाईघाईत. हे तिन्ही विषय एकाच अणूचे आहेत, ही गोष्ट त्यामुळे मनावर ठसतच नाही. ती ठसवायची तर हेलियमचा माग काढावा. तो माग आपल्या कोकणातूनही जातो.

विजयदुर्गावर ‘साहेबाचे ओटे’ दाखवतात आणि नॉर्मन लॉकयरने १८६८ साली इथूनच हेलियम शोधला, असं सांगतात. ते बरोबर नाही. १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास ग्रहणात सूर्याच्या कडेच्या ज्वाळांचा वर्णपट फ्रेंच शास्त्रज्ञ यान्सेन यांनी गुंटूरहून पाहिला. लॉकयर तेव्हा इंग्लंडातच होते. त्यांनी २० ऑक्टोबरला, ग्रहण नसताना, तिथूनच त्या ज्वाळांचा वर्णपट मिळवला. विजयदुर्गला ते आले २२ जानेवारी १८९८ च्या ग्रहणासाठी, आणि ब्रिटिश नौदलाच्या खलाशांना हाताशी घेऊन त्यांनी तिथे दुर्बिणी लावल्या. किल्ल्याचा हा खरा इतिहासही पुरेसा मानाचा आहे. तोच सांगितला जावा.

ज्वाळांच्या वर्णपटात एक पिवळी रेष होती. सोडियमच्या दोन पिवळ्या रेषा ५८९ नॅनोमीटरच्या आसपास पडतात, ही ५८७.६ वर होती. एवढ्याशा फरकावरून लॉकयर यांनी सूर्यावर नवं मूलद्रव्य असल्याचं म्हटलं. अशा रेषा का पडतात, याचं उत्तर पुढे विसाव्या शतकात मिळालं: अणूतले इलेक्ट्रॉन ठरावीक ऊर्जापातळ्यांवरच राहतात, आणि वरच्या पातळीवरून खाली येताना ठरावीक तरंगलांबीचाच प्रकाश देतात. प्रत्येक मूलद्रव्याच्या पातळ्या वेगळ्या, म्हणून रेषाही वेगळ्या.

१८९५ मध्ये लंडनला विल्यम रॅम्झी यांनी क्लेव्हाइट हे युरेनियमचं खनिज आम्लात उकळलं. त्यांना आर्गॉन हवा होता. बाहेर आलेल्या वायूच्या वर्णपटात मात्र तीच, सूर्यावरची पिवळी रेष होती. अमेरिकेत हिलब्रँड यांनी हा वायू आधीच मिळवला होता, पण तो नायट्रोजन समजून सोडून दिला होता.

इथे कोडं पडतं. मूलद्रव्य खनिजात असतं ते बहुधा दुसऱ्या कुणाशी तरी जोडलेलं. सोडियमच्या बाहेरच्या कवचात एकटा इलेक्ट्रॉन असतो, क्लोरिनच्या कवचात एकाची जागा रिकामी असते; एकाने दिला, दुसऱ्याने घेतला, की विरुद्ध प्रभारांच्या ओढीतून मीठ तयार होतं. पाण्यात हायड्रोजन आणि ऑक्सिजन इलेक्ट्रॉन सामायिक ठेवतात. हेलियमकडे दोनच इलेक्ट्रॉन आहेत आणि पहिल्या कवचात मावतातही दोनच. सोडियमचा इलेक्ट्रॉन ५.१ इलेक्ट्रॉन-व्होल्टमध्ये सुटतो, हेलियमचा सोडवायला २४.६ लागतात, कुठल्याही मूलद्रव्यापेक्षा जास्त. तो देत नाही, घेत नाही, वाटूनही घेत नाही. मग तो दगडात शिरला कसा?

तो शिरला नव्हता, दगडातच जन्मला होता. बंधांचा सगळा व्यवहार बाहेरच्या इलेक्ट्रॉनांचा. अणुकेंद्राला त्याचा पत्ताही नसतो. युरेनियमच्या केंद्रात ९२ प्रोटॉन एकमेकांना दूर लोटत असतात आणि कधीतरी त्यातून दोन प्रोटॉन व दोन न्यूट्रॉन असा गठ्ठा बाहेर फेकला जातो. हाच अल्फा कण. युरेनियम-२३८ चं शिसं होईपर्यंत असे आठ कण सुटतात. त्याचा अर्धायुकाल सुमारे ४४७ कोटी वर्षांचा. युरेनियम संयुगात बांधा, आम्लात विरघळवा, भट्टीत तापवा, तो ढळत नाही.

अल्फा कण म्हणजे हेलियमच, हे मँचेस्टरला रदरफर्ड आणि रॉइड्स यांनी ज्या प्रयोगाने दाखवलं, त्याच्याइतका स्वच्छ प्रयोग मला दुसरा ठाऊक नाही. मिलिमीटरच्या शंभराव्या भागाहूनही पातळ काचेच्या नळीत त्यांनी रेडियमपासून निघणारा किरणोत्सारी वायू, म्हणजे रेडॉन, कोंडला. भोवती दुसरी, निर्वात नळी. वेगाने सुटलेले अल्फा कण ती काच भेदून जात, वायू मात्र आतच राहत असे. दोन दिवसांनी बाहेरच्या नळीतल्या वर्णपटात पिवळी रेष उमटली; सहाव्या दिवशी हेलियमच्या सगळ्या ठळक रेषा दिसल्या. तरी शंका उरू नये म्हणून त्यांनी त्याच पातळ नळीत नुसता हेलियम भरूनही पाहिलं. तो झिरपत नव्हता. म्हणजे बाहेर सापडलेला हेलियम अल्फा कणांचाच होता. प्रत्येक कणाने वाटेत दोन इलेक्ट्रॉन मिळवले होते.

युरेनियम-थोरियम असलेल्या खडकांत कोट्यवधी वर्षं हेच चाललं आहे, आणि सुटलेला थोडा हेलियम नैसर्गिक वायूच्या साठ्यांत अडकतो. १९०३ साली अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या डेक्स्टर गावी विहिरीतून जोरात वायू उसळला. गाव जमलं, पेटवायला गेले, तो पेटेना. त्यात बहुतेक नायट्रोजनच होता. पण १९०५ मध्ये केडी आणि मॅकफार्लंड यांनी पृथक्करण केलं तेव्हा १.८४ टक्के हेलियमही निघाला. आज एमआरआय यंत्राचं चुंबक उणे २६९ अंशांवर ठेवणारा द्रव हेलियम अशाच साठ्यांतून येतो. हवेत सुटलेला हेलियम इतका हलका आणि अलिप्त, की कशातही न गुंतता तो वातावरणाच्या वरच्या थरातून शेवटी अवकाशात निघून जातो. म्हणून तो यंत्रात बंदिस्त ठेवून पुन्हा वापरण्याची धडपड मला योग्य वाटते, आणि वाढदिवसाच्या फुग्यांत तो उधळणं अजिबात पटत नाही.