शाळेचे बिनतारी जाळे व त्याचे कुलूप

पनवेलहून मुंबईस जाणाऱ्या लोहमार्गावर सानपाडा हे स्थानक लागते. तेथील एका घरचे बिनतारी इंटरनेट कुलपावाचून उघडे होते. दि. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाँबस्फोट झाले. त्यापूर्वी काही मिनिटे वृत्तमाध्यमांस गेलेला धमकीचा ई-मेल याच जाळ्यातून निघाला होता. घरात राहणाऱ्या गृहस्थाचा कटाशी संबंध नव्हता, तथापि पोलिसांचा माग प्रथम त्याच्याच दारी पोहोचला. शाळेत वाय-फाय उभारणाऱ्या शिक्षकांनी ही हकिकत ध्यानी ठेवावी.

तळहातावर मावणाऱ्या रास्पबेरी पाय या संगणकावर लिनक्स प्रणाली चालते, व २०१६ सालच्या तिसऱ्या आवृत्तीपासून त्यात वाय-फाय अंगचेच आहे. त्याजकडून वर्गाला जाळे पुरविण्यासाठी होस्टएपीडी हा प्रोग्राम वापरता येतो. त्याच्या सेटिंगच्या फाइलीत देश म्हणून भारत, जाळ्याचे नाव, डब्ल्यूपीए२ ही पद्धत व पासवर्ड इतके नोंदवावयाचे असते. पासवर्ड या फाइलीत उघडा लिहिलेला असतो. सबब ती मुख्य वापरकर्त्याखेरीज कोणास वाचता येऊ नये. डब्ल्यूईपी ही १९९७ ची पद्धत मुळीच निवडू नये. तिच्यातील दोष २००१ सालीच उघड झाला.

पासवर्ड ८ ते ६३ रोमन अक्षरांचा लागतो. तो हवेतून जात नाही. यंत्र पासवर्डात जाळ्याचे नाव मिसळून ४,०९६ फेऱ्यांच्या गणिताने २५६ बिटांची किल्ली काढते, व प्रत्येक जोडणीच्या वेळी उभय यंत्रे तीवरून नवी किल्ली बनवितात. मात्र ही देवघेव टिपून घेणाऱ्यास घरी बसून तर्काने एकेक पासवर्ड लावून पाहता येतो. फेऱ्यांमुळे त्यास वेळ लागतो, इतकेच. शाळेचे नाव व साल जोडलेला पासवर्ड त्याच्या यादीत आरंभीच असावयाचा. परस्परांशी संबंध नसलेले चार-पाच मराठी शब्द रोमन लिपीत लिहावे, हे बरे.

फळ्यावर लिहिलेला पासवर्ड दुपारपर्यंत गावभर होतो, हे शिक्षकांस सांगावयास नको. शिवाय डब्ल्यूपीए२ मध्ये पासवर्ड जाणणाऱ्याने जोडणीची देवघेव टिपल्यास दुसऱ्याच्या यंत्राचा मजकूर उलगडू शकतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या नोंदींचे काम निराळ्या जाळ्यावर, निराळ्या पासवर्डाने करावे. २०१८ सालच्या डब्ल्यूपीए३ पद्धतीत ही उणीव दूर झाली आहे, परंतु अनेक जुन्या मोबाइलांस ती चालत नाही.

जाळे सुरू झाल्यावर मोबाइलवरील यादीत शाळेच्या नावापुढे कुलपाची खूण आहे ना, हे पाहावे. आणि कुंपणाबाहेर जाऊन जाळे कोठवर पोहोचते तेही पाहावे.