माणदेशच्या डोंगरात मुक्कामाला जाताना

भटकंती म्हटली की मंडळी कास-महाबळेश्वराकडे धावतात. आम्हा मित्रांना मात्र शंभू महादेवाची उघडीबोडकी रांग आवडते. महाबळेश्वरला वर्षाकाठी 5000 मिलिमीटरहून अधिक पाऊस, तर त्याच जिल्ह्यातल्या माण तालुक्यात जेमतेम 500च्या आसपास. वर्धनगड, महिमानगड, वारुगड करीत सांगली जिल्ह्यात उतरावे, बाणूरगडावर बहिर्जी नाईकांच्या समाधीला हात जोडावेत आणि रात्री उघड्यावर पथारी टाकावी. हे सुख औरच!

मात्र अशा कोरड्या, दगडाळ माळावर विंचवाची वस्ती असते. चुलीसाठी किंवा तंबूची दोरी दाबण्यासाठी दगड उचलताना तो हमखास डसतो. म्हणून दगड आधी काठीने उलटावा. अतिनील प्रकाशाची छोटी बॅटरी मिळाली तर जरूर न्यावी. त्या उजेडात विंचू हिरवट-निळा चमकतो.

मोठ्या काळ्या इंगळीला लोक घाबरतात, पण जिवावर उठतो तो लहानखुरा लाल विंचू. डसल्यावर माणूस वेदनेने नुसताच ओरडत असेल तर धोका बहुधा कमी. उलट अंगाला दरदरून घाम, उलट्या, हातपाय थंडगार, अशी लक्षणे दिसली तर विष हृदयाकडे वळले असे समजावे. पुढे फुप्फुसात पाणी भरते.

महाडच्या डॉ. हिंमतराव बावस्करांनी यावर प्राझोसिन ही रक्तदाबाची साधी गोळी वापरली आणि गंभीर रुग्णांतील मृत्यूचे प्रमाण सुमारे 40 टक्क्यांवरून 1 टक्क्यावर आणले. 2011 साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात गोळीच्या जोडीला प्रतिविष दिल्यास रुग्ण लवकर बरा होतो, असे दिसले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. आपल्याकडे अजूनही काही जण आधी मांत्रिक गाठतात, याला काय म्हणावे?

डसलेल्या जागी चिरू नये, आवळून बांधू नये. रुग्णाला चालवत गड उतरवू नका. उचलून खाली आणा आणि 108ला फोन करा. गोळी डॉक्टरांच्या देखरेखीखालीच द्यावी, कारण ती घेतल्यावर रक्तदाब एकदम उतरू शकतो. रुग्णाला झोपवूनच ठेवावे लागते.

गडावर अनेकदा मोबाईलला रेंज नसते. तेव्हा चढण्याआधीच पायथ्याच्या गावात विचारून ठेवा: जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र कोणते, रात्री गाडी कोणाकडे मिळेल? आणि सकाळी बूट झटकूनच पायात घाला.