परसातील कोंबड्यांचे घरगुती खाद्यभांडे

सातारा आणि सांगली जिल्ह्यांत परसातील कोंबडीपालन, म्हणजे दहा-पंधरा कोंबड्या दिवसभर अंगणात व उकिरड्यावर मोकळ्या सोडून रात्री खुराड्यात किंवा डालग्याखाली कोंडण्याची पद्धत, बहुतांशी घरातील स्त्रियाच सांभाळतात, आणि त्यात रोख खर्च होतो तो मुख्यतः खाद्यावर. मका-ज्वारीची भरड जमिनीवर टाकली, की कोंबड्या ती उकरून मातीत व विष्ठेत मिसळतात, आणि अशा खाद्यातून रक्ती हगवण, म्हणजे आतड्यातील सूक्ष्म परजीवींमुळे होणारा रोग, कळपात पसरतो. घरगुती खाद्यभांडे ही नासाडी थांबवते. मात्र त्याचा खरा उपयोग ते कसे बनवले यापेक्षा कसे राखले यावर ठरतो.

झाकणाची दहा लिटरची बादली आणि सुमारे 40 सेंटिमीटर व्यासाची परात एवढ्या साहित्यात ते तयार होते. बादलीच्या तळाशी कडेने तीन-चार सेंटिमीटर उंचीची चार भोके पाडून ती नटबोल्टने परातीच्या मध्यावर बसवली, की कोंबड्या खातील तसतशी भरड आपोआप खाली उतरत राहते. मोठ्या कोंबडीला उभे राहून खाण्यास दहा सेंटिमीटर कड लागते, म्हणून या परातीभोवती बारा कोंबड्या एका वेळी खाऊ शकतात. भांडे वाशाला दोरीने असे टांगावे, की परातीची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला येईल, कारण त्याहून खाली असल्यास त्या आत पाय घालून खाद्य उधळतात. शिवाय परातीत खाद्य एकतृतीयांशाहून वर चढत असेल, तर भोके लहान करावीत. चार इंची पीव्हीसी पाइपाला तळाशी एल्बो लावूनही भांडे करता येते, पण बारीक पिठूळ खाद्य त्यात दाटून अडकते, म्हणून त्यात अख्खे धान्यच घालणे सोयीचे. तासगाव-मिरज भागातील द्राक्षबागांत रिकामे होणारे औषधांचे डबे मात्र कितीही धुतले तरी या कामी वापरू नयेत, कारण प्लास्टिकमध्ये कीटकनाशकाचा अंश मुरलेला असतो.

देखभालीचे गणित पाऊस ठरवतो. माण किंवा जतच्या कोरड्या हवेत बादलीभर खाद्य चार-पाच दिवस टिकते. पाटण, जावळी वा शिराळ्याच्या पश्चिम भागात मात्र पावसाळ्यात ते ओल धरते आणि दमट मक्यावर अस्परजिलस ही बुरशी वाढून अफ्लाटॉक्सिन हे यकृत निकामी करणारे विष तयार करते. 1960 साली इंग्लंडमध्ये एक लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, ते अशाच बुरशीने दूषित झालेल्या शेंगदाणा पेंडीमुळे, आणि त्या शोधातूनच हे विष जगाला कळले. म्हणून पावसाळ्यात एका दिवसापुरतेच खाद्य भरावे, परातीतील गोळे रोज खरवडून काढावेत, आठवड्याला भांडे धुण्याच्या सोड्याने घासून उन्हात किंवा चुलीजवळ पूर्ण वाळवावे आणि रात्री ते उंदरांपासून दूर, घरात ठेवावे. जंगली पक्षी त्यावर बसू नयेत म्हणून भांडे छपराखालीच टांगावे, कारण 2006 मध्ये नंदुरबारच्या नवापुरात आलेल्या बर्ड फ्लूसारख्या रोगांचे विषाणू रानपक्ष्यांच्या विष्ठेतूनही येऊ शकतात.

खाद्याला कुबट वास आला, तर ते कोंबड्यांनाच काय, गुराढोरांनाही घालू नये. खड्ड्यात पुरून टाकावे.