फटफटीचे इस्टिमेट



गळीत हंगाम सुरू झाला की आपल्या भागातील रस्त्यांवर उसाच्या ट्रॉल्या आणि मोटारसायकली एकमेकांना चुकवीत धावतात. कधी कधी चुकत नाहीत. गत हंगामात आपले एक सभासद, ज्यांना सारा गाव अण्णा म्हणतो, रात्री पाण्याची पाळी आटोपून घरी येत होते. ट्रॉलीतून पडलेल्या मोळीवर पुढचे चाक घसरले आणि गाडी मोरीच्या कठड्यावर गेली. खांद्याला मार बसला, पण निभावले. खरा ताप पुढे झाला. त्याचीच हकिगत येथे देत आहोत.

अण्णांना दवाखान्यात नेले, तेव्हा गाडी टेंपोत घालून तालुक्याच्या एका गॅरेजात पोचवली गेली. जॉबकार्डावर पुतण्याने सही केली. चार दिवसांनी इस्टिमेट आले, ३१,८०० रुपये! अण्णा हो म्हणाले नाहीत, नाहीही म्हणाले नाहीत. ऊसबिलातून सोसायटी वजा जाऊन हाती काय राहणार, हाच हिशेब चालला होता. बाविसाव्या दिवशी गेले तर वर नवा आकडा, रोज १५० प्रमाणे पार्किंगचे ३,३००. 'काम इथंच करा, न्हाईतर पार्किंग भरून गाडी न्या. मोडीत देत असाल तर आठ हजार देतो,' असे मालकांनी सांगितले.

अण्णा आमच्याकडे आले ते सल्ला विचारायला नव्हे. गाडी नावावरून काढायच्या फॉर्मवर सही कुठे करायची, एवढेच त्यांना विचारायचे होते. विमा फक्त थर्ड पार्टीचा होता. तो दुसऱ्याच्या नुकसानीचा. स्वतःच्या गाडीला त्यातून दमडी मिळत नाही. आम्ही म्हटले, 'अण्णा, सही राहू द्या. उद्या आपण बरोबर जाऊ.'

जाताना गावातल्या जुन्या फिटरला घेतले. हे फार बरे झाले, कारण आम्हाला शॉकअप आणि सायलेन्सर यांत फारसा फरक कळत नाही. इस्टिमेटमध्ये पुढचा शॉकअप पुरा ९,२०० आणि चासी ८,४०० असे धरले होते. फिटरने मागच्या-पुढच्या चाकाला दोरी लावून पाहिली, हँडलचा टी तपासला. चासी सरळ! शॉकअपचे पाईप काढून काचेवर फिरवले, ते वाकलेले निघाले. 'पाईप आन् ऑइल सील बदला. खालचे नळे चांगले हायत, पुरा संच कशाला?' असे त्याने मालकांच्या तोंडावर विचारले. टाकीला पोचा होता, पण गळत नव्हती. तिथे नव्या टाकीचे ५,६०० लावलेले. मालक म्हणाले, 'आम्ही जोखीम घेत नाही, नवंच घालतो.' त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. पण जुने चालण्यासारखे असेल तर गिऱ्हाइकाला तसे सांगावे की नाही?

मग पार्किंग. भिंतीवर दरपत्रक नाही. जॉबकार्डाच्या मागे बारीक अक्षरांत एक अट सापडली : काम पुरे झाल्याचे कळवल्यापासून सात दिवसांनंतर आकार लागेल. येथे कामच सुरू झाले नव्हते. भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम १७० प्रमाणे, वस्तूवर मेहनत किंवा कसब खर्च करणाऱ्याला त्या कामाचा वाजवी मोबदला मिळेपर्यंत ती ठेवून घेता येते. मोबदला केलेल्या कामाचा. गाडी खोलण्याची मजुरी त्यात बसते, म्हणून ती देण्यास आम्ही आपण होऊन कबूल झालो. न ठरलेल्या पार्किंगसाठी मात्र गाडी अडवता येणार नाही, असे आमचे म्हणणे कागदावर लिहून दिले आणि दुसऱ्या प्रतीवर पोच मागितली. इतके दिवस उत्तर न देण्यात अण्णांचीही चूक होती, तीही त्यात लिहिली.

पोच द्यायला मालक तयार होईनात. तेव्हा ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ ची आठवण करून दिली. त्याखाली तक्रार राहत्या जिल्ह्याच्या आयोगात करता येते, दिलेला किंवा ठरलेला मोबदला पाच लाखांपर्यंत असेल तर फी नाही, मुदत दोन वर्षे. १९१५ या ग्राहक हेल्पलाइनचा नंबर अण्णांनी हातावरच लिहून आणला होता. वाद तासभर चालला. चहा आला, तोही थंड झाला. शेवटी खोलण्याचे ६०० घेऊन मालकांनी पावती दिली आणि पार्किंगवर काट मारली. सुटे केलेले भाग आम्ही पोत्यात मोजून घेतले.

ज्यांची पॅकेज पॉलिसी असेल त्यांच्यासाठी एक गोष्ट वेगळी. गाडी खोलण्याआधी कंपनीला कळवावे आणि पाहणी होऊ द्यावी. प्लॅस्टिक, रबर, टायर, बॅटरी यांच्या किमतीतून साधारणतः निम्मी रक्कम घसाऱ्यापोटी वजा होते, म्हणून इस्टिमेटमध्ये प्रत्येक भाग वेगळा लिहून घ्यावा.

अण्णांची गाडी ७०० रुपये भाड्याच्या टेंपोतून गावी आली. पाईप, हेडलाइट, हँडल, मडगार्ड, चाकाचा आउट आणि मजुरी धरून ९,००० झाले. टाकीचा पोचा तसाच आहे. हेडलाइटचा झोत जरा डावीकडे पडतो, तो नीट करून घ्या म्हणून आम्ही दोनदा सांगितले. 'तोडणी संपली की बघू,' म्हणतात.