टीपॉय घ्यावा, पण बेताचा!

मी मराठी शिकवतो, म्हणून सुरुवात शब्दापासून. ‘टीपॉय’चा चहाशी मूळचा काही संबंध नाही. ‘तीन’ आणि फारसी ‘पाय’ मिळून झालेली आपली तिपाई इंग्रजांकडे गेली, तिथे तिची ‘टी’शी उगाच सोयरीक जमली आणि ‘टीपॉय’ होऊन ती माहेरी परतली. तिपाई मुळात अंगाने हलकी. छोट्या बैठकीत तिचा तोच गुण पाहावा.

आमच्याकडे १० बाय १२ फुटांची बैठक रात्री झोपायची खोली होते. लातुरात बारावीसाठी आलेला भाचा, नांदेडात कॉलेजसाठी आलेली पुतणी तिथेच गादी पसरतात. किनवटच्या सागाचा जड टीपॉय देखणा खरा. पण रोज उचलणार कोण?

खरेदीआधी जमिनीवर वर्तमानपत्र अंथरून पाहावे. कोचापासून दीड फूट, जाण्यायेण्यास अडीच फूट वाट हवी. उंची कोचाच्या बैठकीइतकी किंवा इंच-दोन इंच कमी. कोपरे गोल असावेत. एकात एक बसणाऱ्या तिपाया मिळाल्या तर उत्तमच.

एवढे करून वाट उरत नसेल, तर टीपॉय घेऊच नये. चहाचा ट्रे सतरंजीवरही शोभतो. शिकायला आलेल्या लेकरांची गादी मात्र अंगणात घालता येत नाही!