गप्पीचा खरा रंग

आपल्याकडे गप्पी मासा म्हणजे डासांच्या अळ्या खाणारा, हौदातला. तोच मी वसतिगृहाच्या खोलीत काचेच्या टाकीत ठेवला आहे. बघणारे विचारतात, "अरे, एवढा रंग कुठून आला?"

मित्रांनो, अर्धा रंग दिव्यातून येतो. नराच्या अंगावरचे नारिंगी ठिपके नारिंगी-लाल प्रकाश परत फेकतात. पण दिव्यात तो प्रकाशच कमी असेल तर फेकणार काय? स्वस्त पांढऱ्या एलईडीत निळा डायोड आणि त्यावर पिवळा फॉस्फर असतो. गडद लाल तोकडा पडतो. म्हणून नुसते वॅट बघू नका, सीआरआय बघा. १०० पैकी ९० च्या पुढे असला तर उत्तम. रंगतापमान ६५०० केल्विनच्या आसपास, म्हणजे दिवसाच्या उजेडासारखे असावे.

निळी झाक मात्र रंगद्रव्याची नाही. ग्वानिनच्या सूक्ष्म स्फटिकांवरून प्रकाश परततो आणि ती दिसते, तीही ठराविक कोनातून. त्यासाठी दिवा झाकणाच्या पुढच्या कडेला लावा. तळाला काळी वाळू टाका; पांढऱ्या तळावर मासा स्वतःच फिका पडतो. दिवा रोज ८ तास पुरे, नाहीतर शेवाळ माजते. परभणीच्या मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो, तेव्हा पाणी तापवणारा जुना पिवळा बल्ब नकोच.

गुलाबी ट्यूबखाली आजारी मासाही लालबुंद दिसतो, म्हणून विकत घेताना साध्या उजेडात बघा. घरीसुद्धा दिवा खरा रंग दाखवणारा असेल, तरच मासा फिका पडल्याचे वेळेवर कळते आणि तो वाचवता येतो.