वादळाला मागणी नसते

९ ऑगस्ट २०१६ रोजी तेव्हाच्या औरंगाबादच्या क्रांती चौकातून पहिला मराठा क्रांती मोर्चा विभागीय आयुक्त कार्यालयाकडे निघाला. कोपर्डीत एका मुलीवर झालेल्या बलात्कार आणि खुनाच्या घटनेला महिनाही झाला नव्हता. घोषणा नाहीत, नेत्यांची भाषणं नाहीत. पुढे मुली, त्यांच्यामागे बायका, मग पुरुष आणि पुढारी सगळ्यांत शेवटी, असा दंडक या मोर्चांनी राज्यभर रूढ केला.

वाहिन्यांची यात पंचाईत होती. घोषणा नाही म्हणजे आवाज नाही, नेता नाही म्हणजे बाइट नाही. उरलं फक्त दृश्य, आणि ते आयोजकांनी आधीच बांधून दिलं होतं. माध्यमांनी मोर्चाची प्रतिमा घडवली असं आपण म्हणतो. इथे मोर्चानं ती तयार करून त्यांच्या हाती ठेवली, असं मला वाटतं.

मोर्चे वाढले तसा कॅमेराही वर चढला. ड्रोनमधून माणसं दिसत नाहीत, गर्दी दिसते. भगव्या झेंड्यांचा एक पट्टा रस्ताभर सरकताना दिसतो. मथळेही त्याच उंचीवरून आले: ‘भगवं वादळ’, ‘जनसागर’. वादळ येतं, सागर उसळतो. दोघांनाही मागणी नसते. निवेदनात मात्र मागण्या होत्या. कोपर्डीच्या आरोपींना फाशी, मराठा आरक्षण आणि दलित-आदिवासींना अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या अ‍ॅट्रॉसिटी कायद्यात दुरुस्ती. ही तिसरी मागणी ड्रोनला दिसणं शक्यच नव्हतं. दलित वाचकाला मात्र त्या भव्य चित्रात नेमकी तीच आधी दिसली.

कॅमेरा खाली उतरला की निवेदन देणाऱ्या मुलीवर स्थिरावायचा. गंभीर चेहरा, हातात कागद, मागे अधिकारी. ही चौकट काय काम करते, ते समजायला फ्रेंच विचारवंत रोलाँ बार्थ उपयोगी पडतो. ‘पारी माच’ साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर फ्रेंच गणवेशातला एक कृष्णवर्णीय मुलगा सलाम करताना त्यानं पाहिला आणि १९५७च्या पुस्तकात लिहिलं की फोटो मुलाचा असला तरी तो सांगतो साम्राज्याची गोष्ट. इथेही मुलीचा चेहरा बघता बघता सबंध समाजाचा होतो. शेती परवडत नाही म्हणून आलेला आणि साखर कारखान्याचा संचालक असलेला, दोघेही त्या एकाच चेहऱ्यामागे मावतात. यात खोटं काही नाही. पण सोय कोणाची झाली, हे विचारायला हवं.

या प्रतिमेला धक्का लावणं किती महागात पडतं, ते शिवसेनेच्या ‘सामना’ या मुखपत्राला कळलं. २५ सप्टेंबर २०१६च्या अंकातल्या व्यंगचित्रात मूक मोर्चाची ‘मुका मोर्चा’ अशी टवाळी झाली, त्यावरून ‘सामना’च्या कार्यालयावर दगडफेक झाली आणि शेवटी पक्षप्रमुख उद्धव ठाकरे यांना माफी मागावी लागली. पुढे जुलै २०१८मध्ये कायगाव टोक्याला आरक्षणासाठी गोदावरीत उडी घेतलेल्या एका तरुणाचा मृत्यू झाला. मग पडद्यावर जळते टायर फिरू लागले, आणि शिस्तीचं कौतुक करणाऱ्या वाहिन्यांवर त्याच लोकांसाठी ‘आक्रमक’, ‘हिंसक’ ही विशेषणं आली. आरक्षणाची मागणी तीच होती.

शब्दांनीच बाजू ठरवणारी बातम्यांची ही भाषा मराठवाड्याला या मोर्चांच्या आधीपासून ओळखीची आहे. २७ जुलै १९७८ला मराठवाडा विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा, म्हणजे नामांतराचा, ठराव विधिमंडळात झाला आणि गावोगावच्या दलित वस्त्यांवर हल्ले झाले. त्याला नाव पडलं ‘नामांतराची दंगल’. दंगल म्हटलं की दोन बाजू आपोआप समोरासमोर उभ्या राहतात. ‘घरं जळाली’ असं लिहिलं की जाळणारा वाक्यातून बाहेर पडतो, आणि ‘नामांतराची’ म्हटलं की दोष ठरावाकडे जातो. बाबासाहेबांचं नाव विद्यापीठाला लागलं १४ जानेवारी १९९४ला, तेही ‘नामविस्तार’ म्हणून. ‘दंगल’ हा शब्द मात्र वर्तमानपत्रांच्या कात्रणांत, भाषणांत आणि घराघरांतल्या बोलण्यात आजही तसाच वापरला जातो. जे जाळायला गेले होते, त्यांच्या घरांतही.